खळ लावलेलं प्रमाणपत्र

आमच्या घरी कोणीही आलं की आधी पेटी उघडायची, चहा नंतर. पाहुणा लग्नाचं बोलणं घेऊन आलेला असो की नुसता पाणी प्यायला टेकलेला असो, माझा नवरा पत्र्याची पेटी पुढे ओढायचा, हात लुंगीला पुसायचा आणि जुन्या जमान्यातल्या एका नटीचे कागद एकेक करून दाखवायचा. ती नटी केव्हाच सिनेमे सोडून घरी बसलेली. पण आमच्या खोलीत तिचा मुक्काम कायमचा होता, तोही माझ्यापेक्षा ऐसपैस.

नव्वद साल उलटल्यावर हे खूळ लागलं. साडीच्या घडीत घालायचे पुठ्ठे बनवायला सुरतेत बाहेरून रद्दी यायची. एकदा मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओची पोती आली. रद्दीवाला ह्याच्या ओळखीचा. त्यात ह्याला तिच्या सहीचा एक अर्ज सापडला, अंगात ताप आहे म्हणून शूटिंगला येत नाही असा. मग शिंप्याला लिहिलेली चिठ्ठी मिळाली, करारनाम्याचं शेवटचं पान मिळालं, गाडी दुरुस्तीची पोच मिळाली. फोटोवरची सही ह्याला चालायची नाही. फोटोवर कोणालाही सही मिळते, हे तिचे घरचे कागद आहेत, असं तो प्रत्येकाला ऐकवायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. दर रविवारी तापीकाठच्या गुजरीच्या बाजारात तो जुने कागद उकरत बसायचा. पोरांच्या चपला तुटलेल्या, आणि बाप नटीच्या शिंप्याच्या मागावर.

पेटी माझ्या आंदणाची होती. माझ्या बापाने धुळ्याहून एसटीच्या टपावर टाकून आणून दिलेली. तिच्यात माझं डीएडचं प्रमाणपत्र होतं. मी मास्तरीण व्हायची म्हणून शिकलेली बाई, आणि सुरतेच्या गोडादरा वस्तीत बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होते. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका ते काम करायच्या. गोंदाने बोटांची सालं निघायची. नटीचे कागद वाढले तसे ह्याने माझे कागद काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी पलंगाखाली सरकवली. पेटीत जागा पुरत नव्हती म्हणे.

एका पावसाळ्यात मराठी शाळेत एक जागा निघाली. मी अर्ज केला, मुलाखतही चांगली झाली. मूळ प्रमाणपत्रं घेऊन सोमवारी या, असं सांगितलं. बाई गं, घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. दोन चांगल्या साड्या इस्त्री करायच्या, पोरांना शेजारी ठेवायचं, असं सगळं मी वाटेतच ठरवून टाकलं.

सोमवारच्या आधीच पावसाने फुगलेल्या खाडीचं पाणी वस्तीत शिरलं. मी पोरांना उचललं. ह्याने पेटी डोक्यावर घेतली आणि शेजारच्यांच्या गच्चीवर चढला. पिशवी खालीच राहिली. मी ओरडून सांगितलं तेव्हा जिन्यावर पाणी चढलं होतं.

पाणी ओसरल्यावर पिशवी काढली. तिच्यात थोडंच पाणी गेलं होतं. प्रमाणपत्र भिजल्या पोळीसारखं मऊ पडलं होतं, पण अक्षर न अक्षर वाचता येत होतं. प्राचार्यांची शाईची सही होती, शिक्का होता. माझा जीव भांड्यात पडला. ते उपड्या ताटावर वाळत घालून मी पाण्याच्या टँकरला गेले, कारण चिखल धुवायला घरात थेंब नव्हता.

माझा नवरा कापडाच्या कारखान्यात सायझिंगच्या खात्यात होता. ताण्याचा धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, वाळवतात, मग धागा कडक होतो. जन्मभर हेच केलं, त्यामुळे कुठलीही नरम वस्तू दिसली की ह्याचा हात खळीकडे जायचा. पोरांच्या टोप्यांना, माझ्या पिशव्यांनाही त्याने खळ दिलेली होती. मी टँकरहून आले तोवर ह्याने माझ्या प्रमाणपत्राला दोन्ही बाजूंनी खळ फासली होती आणि स्टोव्हच्या धगीवर धरून ते कडक केलं होतं. आता फाटणार नाही, असं म्हणाला. कागद पापडासारखा ताठ झाला होता. सही होती तिथे निळा पसारा झाला होता आणि शिक्का त्यातच विरघळला होता.

शाळेतल्या कारकुनाने कागद उजेडाकडे धरून पाहिला. माणूस भला होता, उगाच लागेल असं बोलला नाही. सही दिसत नाही ताई, दुसरी प्रत काढून आणा, एवढंच म्हणाला. धुळ्याला अर्ज केला, खेटे घातले, प्रत आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. जागा केव्हाच भरली होती. त्या शाळेवरून जायचं झालं तर मी आजही पलीकडच्या गल्लीतून जाते. राग आहे, आणि तो मी गिळणार नाही.

नवी प्रत आली त्या दिवशी ह्याने स्वतःहून पेटी उघडली. नटीचे कागद थोडे बाजूला सारून जागा केली आणि म्हणाला, दे, इथे सुरक्षित राहील. तेव्हा मी एवढे महिने पोटात ठेवलेलं विचारलं.

"तुमच्या बाईच्या एखाद्या कागदाला कधी खळ लावली का हो?"

तो दचकलाच. पेटीवर हात आडवा धरला आणि घाईत अहिराणीतच बोलला.

"नही ना. शाई पसरी जाई. त्या कागद वरिजनल शेतस."

त्याला आपण काय बोललो ते कळलंही नाही. तो शिंप्याची चिठ्ठी सरळ करत राहिला. मी माझी प्रत गव्हाच्या डब्यात ठेवली आणि टिकल्यांसाठी गोंद कालवायला बसले.