रक्ताने न ओळखलेली लेकरे

“तुमच्या रक्तात दोष नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते फक्त बाळाला परकं समजतंय.”

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात, फिनेलच्या वासाने जड झालेल्या खोलीत मी हे ऐकले. तिसऱ्या खेपेचा सातवा महिना होता. पोटात बाळ ढुशा देत होते, आणि मी खिडकीबाहेर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींकडे पाहत होते. बाई मूळच्या सोलापूरच्या, मराठीत बोलल्या म्हणून शब्द कळले. अर्थ कळायला वेळ लागला.

माझे रक्त आरएच निगेटिव्ह होते. आरएच म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींवरची एक खूण. माझ्या रक्तात ती नाही, नवऱ्याच्या रक्तात आहे, आणि लेकरांनी ती वडिलांकडून घेतली. पहिल्या बाळंतपणात लेकराचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्या खुणेला शत्रू समजून तिच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे लढणारी द्रव्ये, तयार करते. पहिले लेकरू तोवर जन्मून सुटलेले असते. पण लस टोचल्यावर शरीर जसे देवीच्या रोगाला विसरत नाही, तसे ते या खुणेलाही विसरत नाही. पुढच्या गर्भावर ते तुटून पडते.

म्हणून माझा थोरला धडधाकट राहिला. म्हणून दुसऱ्या खेपेची मुलगी गेली.

ती बसवकल्याणला, घरीच जन्मली. दुसऱ्या सकाळी उन्हात धरली तर हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी. आमच्याकडे काविळीला माळ घालतात. ओल्या देठांचे तुकडे दोऱ्यात गुंफून ती डोक्यावर ठेवायची. देठ वाळतात, माळ लांबत जाते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर उतरते. पायांतून निघाली की कावीळ निघाली. मोठ्या माणसांची कावीळ बहुधा आपोआप ओसरते, आणि श्रेय माळेला मिळते.

“माळ उतरायलीय बघ,” सासूबाई म्हणत. “कामून रडायलीस?”

माळ खरोखरच उतरत होती. तिचा हिरवा, कडवट वास मुलीच्या टाळूच्या दुधाळ वासात मिसळला होता. मुलीने मात्र दूध ओढणे सोडले, मग ती धनुष्यासारखी मागे ताठली. माळ पोटापर्यंत आली तेव्हा ती गेलेली होती. सासूबाईंनी माळ काढली नाही. तिच्यासोबतच जाऊ दिली.

हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळे कागदावर टिपून घेतले. मग म्हणाल्या, “या वेळी जन्मताच बाळाचं रक्त बदलू. एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन. नाळेतून थोडं थोडं काढायचं, तेवढंच दुसरं घालायचं. वाचेलच, असं मी म्हणत नाही.”

तपासणीसाठी मी जात राहिले. बाकावरच्या बायका कन्नडमध्ये, दखनीत एकमेकींना दुखणी सांगत. माझ्या दुखण्याला त्यांच्या भाषांत नाव नव्हते, माझ्या भाषेतही नव्हते.

मुलगा झाला. सुजलेला, फिका, नंतर पिवळा. बाई सिरिंजने रक्त ओढत होत्या, घालत होत्या. ट्रेवर काच टेकल्याच्या बारीक आवाजावरून मी प्रत्येक खेप ओळखत होते. संध्याकाळी त्याने एकदा डोळे उघडले. पांढरे तिथे नव्हतेच, झेंडूची पाकळी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

घरी निघताना बाईंनी माझ्याकडे रक्त मागितले. गरोदर बायका आणि तान्ही मुले यांच्या प्रतिकारशक्तीवर त्यांचे संशोधन चालू होते. आईच्या रक्तातले काय लेकरात उतरते, त्यातले काय तारते, काय मारते, हे त्या शोधत होत्या. इतर बायकांची आरएच खूण तपासायला अँटिबॉडी असलेले सीरम, म्हणजे रक्तावरचे निवळ पाणी, लागे. बाहेरून येणाऱ्या बाटल्या उन्हाळ्यात वाटेतच बिघडत.

सासूबाई कडाडल्या. “दोन लेकरं खाल्लेलं रगत! त्याचं काय करतेत?”

“आजी, तेच लागतं,” बाई म्हणाल्या. “जिची लेकरं सुखरूप आहेत, तिच्या रक्तात हे सापडत नाही.”

मी हात पुढे केला. त्यात औदार्य नव्हते. त्या रक्तापासून थोडी तरी सुटका व्हावी, एवढेच वाटले.

पुढच्या खेपेला बाईंनी काचेची पट्टी दाखवली. खूण असलेल्या रक्ताच्या थेंबात त्यांनी माझ्या सीरमचा थेंब मिसळला आणि पट्टी हलकेच डोलवली. गुळगुळीत थेंब बघता बघता रवाळ झाला, नासलेल्या दुधासारखा फाटला. माझ्या पोटात काय घडले, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले.

त्याच सीरमने माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, रक्त तपासले. ती संतपूरला दिलेली, पहिलटकरीण. तिचा थेंब फाटला नाही. खूण नव्हती, म्हणजे तीही निगेटिव्ह.

पण तिची वेळ गेलेली नव्हती. अँटी-डी नावाचे इंजेक्शन बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत दिले, तर आईचे शरीर शत्रुत्व शिकायच्या आधीच बाळाच्या रक्ताचे कण पुसले जातात. एकदा शिकलेल्या शरीराला त्याचा उपयोग नाही. माझ्या नवऱ्याने ते हैदराबादहून, बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये, बसमध्ये मांडीवर धरून आणले, आणि सुमनला पहिल्या बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी ते टोचले. ते माझ्यासारख्याच रक्तातून काढतात, असे बाईंनी सांगितले. दूरच्या देशातल्या कोणा अनोळखी बाईने कधी तरी माझ्यासारखाच हात पुढे केला असेल.

बहिणींनो, पहिल्याच खेपेला रक्ताचा गट विचारा, नवऱ्याचाही. लेकरू पिवळे दिसले तर माळ उतरायची वाट पाहू नका.

मला पुन्हा मूल नको, असे आम्ही ठरवले. काही सकाळी छातीत अजून दूध दाटल्यासारखे वाटते.

सुमनला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा सासूबाई आणि मी संतपूरला गेलो. अंगणात तुरीच्या काड्यांचा कोरडा वास होता. मी मुलीला उन्हात नेले, अंगठ्याने पापणी हळूच वर केली. पांढरे पांढरेच होते. तरी मी पुन्हा पाहिले.

“अक्का, किती बघशील?” सुमन हसली. “कंटाळंल की लेकरू.”

सासूबाईंनी मुलीला माझ्या हातातून घेतले, तिचे तोंड उन्हाकडे वळवले, आणि स्वतःच्या खरबरीत बोटाने तिची पापणी उचलली.

“पांढरं हाय,” त्या म्हणाल्या.