चौथ्या चौकोनातला श्वास

मे फियेनच्या हाताला पाण्याचं माप असं बसलं होतं की झारी नुसती उचलून ती सांगायची, यात अर्धा पेला कमी आहे. बावन्न वर्षांची, काटक, चालताना डावा पाय जरा ओढणारी बाई. बाळंत झालेल्या बाईच्या नावाआधी गावात ‘मे’ लावतात, म्हणजे आई. तिचा एकुलता एक पोरगा बँकॉकला टॅक्सी चालवत होता. त्यामुळे रोज तिला आई म्हणणारे सगळे दुसऱ्यांचेच.

गावामागे तेंगचं रान. सालाच्या जातीचं झाड, पंजापेक्षा मोठं पान. थंडी सरली की सगळी पानं खाली येतात आणि पावसाळ्यापर्यंत पायाखाली पापडासारखी मोडत राहतात. त्या रानात अभ्यास केंद्राने बारा चौकोन आखले होते. सहांना रोज मोजून पाणी. बाकीच्या सहांवर प्लॅस्टिकचं छप्पर, तिथे पावसाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. प्रत्येक चौकोनात, पाचोळ्यात एक कडं रोवलेलं. दर अर्ध्या तासाने त्यावर यंत्राचं झाकण आपोआप बसायचं आणि पाचोळा कुजताना किती हवा सोडतोय, त्याचा आकडा बारक्या पडद्यावर उमटायचा. ओल्या चौकोनांचा तीनशेच्या घरात, कोरड्यांचा तिसाच्या आसपास.

हे काम आधी तिच्या नवऱ्याचं. खांफोंग म्हणायचा, "मी जमिनीची नाडी बघतो." त्यावर गाव म्हणायचं, "बघतोस ते बघ, पण औषध कधी देणार?"

गेल्या उन्हाळ्यात तो गेला.

पाचोळा जाळला की पहिल्या पावसाला त्या जागी गोल, टणक अळंबी वर येतात, अशी इकडच्या घराघराची समजूत. तिने वावराच्या कडेचा पाचोळा पेटवला होता. दरवर्षी पेटवायची. त्या सकाळी वारा फिरला. गुडघ्याएवढी आग, पण पसरायला लागली की धावणाऱ्या माणसालाही ऐकत नाही. खांफोंग आणि आणखी चौघांनी हिरव्या फांद्यांनी झोडपत ती चौथ्या चौकोनाच्या काठावर अडवली. चौकोन वाचला. खांफोंग जवळच्या तेंगला टेकून बसला आणि उठला नाही. धूर छातीत गेला, असं डॉक्टर म्हणाले. आग कुणी लावली, हे कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याच्याही घरात काडेपेटी होतीच.

महिन्याभरात केंद्राने तिला त्याच्या कामावर घेतलं. ती नाही म्हणू शकली नाही. रोज सकाळी त्या तेंगपाशी आली की तिला मागे पानं मोडल्याचा आवाज यायचा. ती थांबली की तोही थांबायचा.

दर आठवड्याला धर्मदिवशी ती विहारात चिकट भात आणि केळी घेऊन जायची. भिक्खू मंत्र म्हणत असताना वाटीत पाण्याची धार सोडायची, आपलं पुण्य मेलेल्या माणसाच्या नावाने द्यायचं, आणि मग ते पाणी विहाराच्या झाडाच्या बुडाशी ओतायचं, ही रीत. या वर्षी मात्र ती ते पाणी बाटलीत भरून घ्यायला लागली.

शेजारची मे ओन एकदा म्हणालीच, "आगं, ते पाणी कुठं घेऊन चाललीस? भूत झालेल्या नवऱ्याची एवढी बडदास्त! जित्या नवऱ्याला कधी हातात तांब्या दिला नाहीस."

"त्याला पाणी जिथं हवं तिथं देते," फियेन म्हणाली. "तुझा नवरा हाय ना घरात? जा, दे त्याला तांब्या."

"त्याला तांब्या न्हाई, बाटली लागते," मे ओन म्हणाली आणि स्वतःच खिदळली.

पाणी हवं होतं ते चौथ्या चौकोनात. तो पडला त्याच्या सर्वांत जवळची माती ती. तो कोरडा ठेवायचा चौकोन आहे, हे तिला ठाऊक होतं. पण मेलेल्याला तहान असते, आणि वाटीभर पाण्याने यंत्राचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं. पहिल्या दिवशी तिने कड्यात धार सोडली, ओठातल्या ओठात त्याचं नाव घेतलं आणि उकिडवी बसली. झाकण बसलं. पडद्यावर तीस असायचे तिथे चारशे दहा आले.

तिच्या अंगावर काटा आला. पाणी पोचलं होतं. आणि घेणाऱ्याने खोल श्वास सोडला होता.

पुढच्या आठवड्यात साडेतीनशे. मग तीनशे. आठव्या खेपेला जेमतेम एकशे दहा. तेवढंच पाणी, तीच वाटी, आणि तो मात्र दर वेळी थोडा मागे सरकत होता. त्याला कळलंय, तिला वाटलं. काडी कुणी ओढली ते कळलंय.

वर्षश्राद्धाच्या सकाळी ती रिकाम्या हाताने गेली. कड्यावर ओणवी झाली, आणि वर्षभर कुणालाही न सांगितलेलं सगळं तिने त्या पाचोळ्याला सांगितलं. वारा कसा होता, काडी कुठे ओढली, धूर दिसल्यावर ती कशी घरात जाऊन बसली. झाकण तिच्या नाकासमोर बसलं. आकडा नऊशेवर गेला.

त्या रात्री फियेन वर्षात पहिल्यांदा गाढ झोपली.

पंधरा दिवसांनी शहरातून आचान विमोन आल्या. आचान म्हणजे गुरुजी. पण ही बाई वयाने फियेनच्या पोराएवढी होती. हातात कागद, त्यावर डोंगरांसारखी टोकं.

"मे, चौथ्याचं छप्पर गळतं का?"

"न्हाई."

"मग पाऊस नसताना हा नऊदा उसळला कसा?"

फियेनने पायाच्या अंगठ्याने पान मोडलं. "पाणी मी घातलं. धर्मदिवसाचं. त्याच्यासाठी."

विमोनबाई खाली बसल्या.  मग म्हणाल्या, "मे, कोरड्या पाचोळ्यात बुरशी, जिवाणू सगळे झोपलेले असतात. पाणी पडलं की एकदम जागे होतात आणि पानांवर तुटून पडतात. पानांनी साठवलेला कार्बन, आपण श्वासात सोडतो त्याच वायूच्या रूपाने, हवेत जातो. हा तो आकडा."

"मग दर खेपेला कमी का व्हत गेला?"

"मऊ ते आधी संपतं. उरतं ते चिवट." त्यांनी कागदाची घडी घातली. "तीन वर्षं कोरडा ठेवला होता. खांफोंगनी वाचवला, आणि तुम्ही... आता हा बाद."

हे मात्र फियेनच्या वर्मी बसलं. ती पुटपुटली, "आठदाच घातलं. नववा त्याचा. त्या दिवशी पाणी न्हवतं."

विमोनबाईंनी झाकण उचलून त्याच्या कडेच्या रबरावर बोट फिरवलं. "इथे फट आहे. कुणी वर वाकून बोललं तर त्याचाच श्वास आत जातो. त्या दिवशी तुम्ही वाकला होता का?"

फियेनने मान डोलावली.

"इतकं काय बोलत होता, मे?"



"आग माझी व्हती," फियेन म्हणाली.

विमोनबाईंनी झाकण खाली ठेवलं. "त्या दिवशी गावात किती घरांनी पाचोळा जाळला होता?"

"मला माझं एकच ठाऊक हाय."

 जाताना विमोनबाईंनी नवं रबर बसवलं. एवढंच म्हणाल्या, "पाणी पुन्हा नको. बाकीचे अकरा सांभाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फियेन खांफोंगचा चौकडीचा पंचा घेऊन आली. नाका-तोंडावरून घट्ट बांधला, मागे गाठ मारली. चौथ्या चौकोनापासून दहा पावलं लांब उभी राहिली. आज पाणी नव्हतं, बोलणंही नव्हतं. झाकण खाली येताना तिने श्वास रोखून धरला, छाती दुखेपर्यंत.

मग जवळ जाऊन पडदा पाहिला. अठ्ठावीस.

शून्य नव्हतं. तिच्या पाण्याविना, तिच्या तोंडच्या वाफेविना, त्या करकरीत कोरड्या पाचोळ्यातून तेवढं येतच होतं. ते कुणाचं, आणि त्याने माफ केलं की नाही, हे अठ्ठावीस या आकड्यातून काढता येत नव्हतं. ती पुन्हा दहा पावलं मागे आली. मागे पानं मोडली. तिने वळून बघितलं नाही. पंचा सारखा केला आणि पुढच्या झाकणाची वाट बघत उभी राहिली.