मरोळच्या रुक्मिणीबाई

सभागृहाच्या पुढच्या तीन रांगा भरलेल्या दिसल्या पाहिजेत, ही शर्मिष्ठा कर्णिकची चौदा वर्षांची जबाबदारी. कोणी ती तिला लेखी दिली नव्हती, अंगावर येऊन पडली होती. बोरिवलीतल्या वाचनालयाचा साहित्य मेळा दर जानेवारीत शाळेच्या सभागृहात तीन दिवस चालायचा. अध्यक्ष देवदत्त सामंत भाषणं करायचे, पुरुष मंडळी माईक आणि बॅनर बघायची, आणि वक्ता रिक्षातून उतरायच्या आत शर्मिष्ठाचे फोन सुरू व्हायचे.

"शेवंतीताई, अर्धा तास येऊन बसा ना गं. चहा आहे, बटाटेवडा आहे. नाही ऐकलंत तरी चालेल, फक्त झोपू नका."

भजनी मंडळ यायचं, योगावर्गातल्या दोघी-तिघी यायच्या, वक्त्याला समोर माणसं दिसायची आणि त्याचा आवाज चढायचा. यात फसवणूक आहे असं शर्मिष्ठाला कधी वाटलं नाही. पाहुणा घरी आला की आपण दिवाणखान्यातली चादर बदलतो, तसंच की हे.

मग लॉकडाऊन लागला. शाळेला कुलूप, वाचनालयाला कुलूप. सामंतांनी मेळा ऑनलाइन चालू ठेवायचा ठराव केला आणि तो ठराव शर्मिष्ठाच्या स्वयंपाकघरात येऊन पडला. तिने तो निभावलाही. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी आपल्या आवाजात वाचलेलं एक पान, बुधवारी घरातल्या पुस्तकांच्या कपाटाचा फोटो, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता झूमवर लेखकाशी गप्पा. एप्रिलमध्ये लोक नुसते तुटून पडले. नव्वद-नव्वद माणसं. कोणाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, कोणाचं नुसतं कपाळच दिसतंय. पण जुलै उजाडेपर्यंत मुलांच्या शाळा त्याच मोबाईलवर सुरू झाल्या, लोकांचे डोळे दुखायला लागले आणि नव्वदाचे अकरा झाले.

त्या अकरा जणांसमोर चारकोपच्या शरच्चंद्र पाटणकरांची पाळी आली.

पाटणकर काका शहात्तर वर्षांचे. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात तंत्रज्ञ म्हणून सगळी नोकरी झाली. येता-जाता खाडी बघितली, तिवरांतले पक्षी बघितले, आणि निवृत्तीनंतर त्याचं एक पातळसं पुस्तक काढलं. ते वाचलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. शर्मिष्ठा त्यातली एक. बायको गेल्या वर्षी गेली, मुलगी परदेशात. दर शनिवारी एक प्रकरण वाचायचं, असे आठ शनिवार त्यांना दिले होते. पहिल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, घसा साफ करून त्यांनी वाचलं, छान वाचलं, आणि मग चष्मा काढून म्हणाले, "काही प्रश्न असतील तर..."

कोणी बोलेना. एका चौकटीत कोणीतरी शेंगा सोलत होतं. काका पडद्याकडे बघून उगाच हसत राहिले. आयोजकांनीच प्रश्न विचारायचा म्हणजे लग्नात यजमानांनीच जिलबीची तारीफ करायची. आणि इथे फोन करून कोणाला पुढच्या रांगेत आणून बसवणार? शर्मिष्ठाने काय केलं, तर शेजारी पडलेला मुलाचा जुना टॅब उघडला, त्यावरून सभेत शिरली आणि नावाच्या जागी लिहिलं, 'रुक्मिणी देवस्थळी, मरोळ'. मरोळ का, तर तिचा नवरा चंद्रप्रकाश तिथल्या औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षं नोकरीला होता, आणि बोरिवलीच्या मेळ्यात मरोळचं माणूस कोणी नव्हतं.

टॅबवरून चॅटमध्ये प्रश्न आला. तो शर्मिष्ठाने स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला. "ओहोटीच्या वेळी चिखलात चालणाऱ्या पक्ष्याच्या पावलांचं तुम्ही लिहिलंय. ते तुम्ही नोकरीच्या बसमधून कसं पाहिलंत?"

काका ताठ बसले. "वा! अहो, यासाठी मी एकदा बस सोडली होती," ते म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं काय बोलले! शेंगा सोलणाऱ्या बाईंचेही हात थांबले.

मुलाला, मिहिरला, दुसऱ्याच शनिवारी पत्ता लागला. तो आतल्या खोलीत घरून काम करायचा, पाणी प्यायला बाहेर आला आणि टॅब बघून थबकला.

"आई, तू फेक अकाउंट काढलंस? यार, तू?"

"हळू बोल. माईक चालू आहे."

"राजकीय पक्षांचे लोक करतात गं हे. पगार घेऊन."

"मी काय मतं मागतेय? एका म्हाताऱ्या माणसाला प्रश्न विचारतेय."

"मग स्वतःच्या नावाने विचार ना."

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. शर्मिष्ठा म्हणजे चहा, खुर्च्या, हार. शर्मिष्ठाने प्रश्न विचारला तर सामंत म्हणत, "ते नंतर बघू, आधी पाहुण्यांना पाणी द्या." रुक्मिणीबाईंनी विचारला की सगळे ऐकत. तिसऱ्या शनिवारनंतर खुद्द सामंतांनी फोन करून सांगितलं, "अशा वाचक हव्यात. त्या मरोळच्या बाई बघा, काय वाचलंय! आपल्याकडच्या नुसत्या वडे खायला येतात." शर्मिष्ठाने "हो ना" म्हटलं. शेवंतीताईंच्या वतीने तिला राग यायला हवा होता. तिला आतून गुदगुल्या झाल्या. पुढे ही गोष्ट आठवली की तिला सगळ्यात जास्त लाज त्या गुदगुल्यांची वाटायची.

रुक्मिणीबाई वाढत गेल्या. त्या निवृत्त शिक्षिका झाल्या, विधवा झाल्या, नेट कमी असल्यामुळे त्यांचा कॅमेरा बंद असायचा. बाकीचे लोक त्यांच्या प्रश्नांना आपले प्रश्न जोडू लागले. अकराचे एकवीस झाले. पाटणकर काका वाचायला बसायच्या आधी विचारायचे, "मरोळच्या रुक्मिणीबाई आल्यात का? आल्यात? मग सुरू करू." चौथ्या शनिवारनंतर त्यांचा फोन आला. त्यांनी सोळा वर्षांनी एक नवं प्रकरण लिहायला घेतलं होतं.

"रुक्मिणीबाईंनी विचारलं ना, पुस्तक पावसाळ्यापाशीच का थांबवलंत म्हणून. खरंच हो, का थांबवलं मी? त्यांचा पत्ता द्याल का? सही करून प्रत पाठवतो."

"विचारते त्यांना," शर्मिष्ठा म्हणाली.

हे संपवायला हवं, एवढं तिला कळलं. कसं, ते मात्र तिने चुकीचं ठरवलं. रुक्मिणीबाई हळूच यायच्या बंद होतील, लोक विसरतील, असा तिचा हिशेब. एरवी विसरलेही असते. पण ते दिवस तसले नव्हते. रोज येणारं माणूस एक दिवस दिसलं नाही की एकच शंका यायची. पाचव्या शनिवारी टॅब बंद राहिला. काकांनी वाचन दोनदा थांबवून विचारलं, आल्या का? सोमवारी त्यांचा फोन. बुधवारी पुन्हा. "मरोळला केसेस फार आहेत हो, शर्मिष्ठाताई. तुमचं बोलणं झालं का?"

शर्मिष्ठा भाजी मिठाच्या पाण्यात घालत होती. फोन खांद्याला लावलेला, हात ओले. तोंडातून निघून गेलं, "थोडा ताप आहे म्हणे."

असं का म्हणाली, देव जाणे. संभाषण संपावं म्हणून म्हणाली असेल. काका एवढंच म्हणाले, "माझ्या बायकोचंही तापानेच सुरू झालं होतं."

शुक्रवारी सकाळी अकराला त्यांचा पुन्हा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज.

"ताई, मी मरोळला निघालोय. रिक्षा मिळालीये. आता गोरेगावच्या पुढे आलो."

"काका! तुम्ही बाहेर? पासष्टच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"मास्क आहे. ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं ना, दोन घेतली मेडिकलमधून. एक त्यांना देतो. एकट्या राहतात, कोण बघणार? दारातच ठेवून येईन."

"पण पत्ता..."

"मरोळात देवस्थळी काही पंचवीस नसतील. नाक्यावरच्या मेडिकलवाल्यांना विचारीन. आजारी माणूस त्यांना ठाऊक असतं."

शर्मिष्ठाच्या डोळ्यांसमोर ते दिसायला लागलं. शहात्तर वर्षांचा माणूस, त्या ऑगस्टच्या उकाड्यात, दुकानादुकानांत जाऊन नसलेल्या बाईची चौकशी करतोय. कोणीतरी जवळ येऊन बोलतंय. कोणीतरी खोकतंय.

"काका, रिक्षा परत फिरवा."

"अहो, का?"

"रुक्मिणीबाई नाहीत."

रिक्षाचं इंजिन तेवढं ऐकू येत राहिलं. मग काकांचा आवाज, अगदी बारीक. "कधी गेल्या?"

"नाही, नाही! तसं नाही. त्या... त्या कधी नव्हत्याच. मीच होते. टॅबवरून मीच लिहायचे. पहिल्या दिवशी कोणी काही विचारेना, म्हणून मी..."

"ताप?"

"कोणाला नाही."

"म्हणजे आजारी कोणी नाही."

"नाही, काका."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी रिक्षावाल्याला काहीतरी सांगितलं, तो 'अभी हायवे पे किधर घुमाऊँ' म्हणून करवादला. मग काका पुन्हा फोनवर आले. "शर्मिष्ठाताई, मी दर शनिवारी दुपारी दाढी करायचो. घरात दुसरं कोणी नसताना." आणि फोन ठेवला.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तासाभराने त्यांचा मेसेज आला, "घरी पोचलो." एवढाच. रागावलेला माणूससुद्धा पोचल्याचं कळवतो, या विचाराने तिला रडू फुटलं.

संध्याकाळी तिने सामंतांना सगळं सांगितलं. ते आधी ओरडले आणि मग कामाला लागले.

"उद्या जाहीर करा, रुक्मिणीबाई मुलाकडे बडोद्याला गेल्या. बडोदं बरं, लांब आहे."

"सामंत काका, अजून एक खोटं?"

"अहो, पंचवीस वर्षांची संस्था आहे! तुमच्या एका टॅबपायी अब्रू घालवू का? आणि लोकांना काय पडलंय?"

लोकांना पडलं होतं. तापाची बातमी पाटणकर काकांनी बुधवारीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती. शनिवारी पाच वाजता शर्मिष्ठाने सभा उघडली तेव्हा चौकटी भरत गेल्या, वीस, तीस, सत्तेचाळीस. एप्रिलनंतर इतकी माणसं आली नव्हती. चॅटमध्ये ओळीमागून ओळ येत होती. "रुक्मिणीताई कशा आहेत?" "डबा हवा असेल तर आमचा भाऊ अंधेरीत आहे." शेवंतीताईंनी लिहिलं होतं, "आज भजनात देवाजवळ त्यांचं नाव घेतलं."

ते वाचताना तिला वाटलं, बडोदं म्हणून टाकावं. एक वाक्य. सगळे खूश होतील. सामंत आपल्या चौकटीतून तिच्याकडे रोखून बघत होते. चारकोपची चौकट काळी होती. आत नुसतं नाव, शरच्चंद्र पाटणकर. ते आले होते, पण दिसत नव्हते.

चंद्रप्रकाश दाराशी उभा होता. "पंखा लावू का?" त्याने खुणेने विचारलं. तिला दरदरून घाम आला होता. ती नको म्हणाली.

"नमस्कार," ती बोलायला लागली. "आजचं वाचन सुरू व्हायच्या आधी मला काही सांगायचंय. रुक्मिणी देवस्थळी नावाच्या कोणी बाई नाहीत. त्या मी तयार केल्या. प्रश्न मी लिहिले, आणि दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे तुम्हाला वाचून दाखवले. ताप आल्याचंही मीच सांगितलं. तुम्ही काळजी केलीत, कोणी देवाजवळ नाव घेतलं, एक जण तर या दिवसांत घराबाहेर पडले. चूक फक्त माझी आहे, संस्थेची नाही."

सामंतांनी कॅमेरा बंद केला. चॅट थांबलं. मग एक बाई न बोलता निघून गेल्या, पाठोपाठ चौघे. कोणीतरी माईक चालू असल्याचं विसरून घरात म्हणालं, "अगं, ती फ्रॉड निघाली!" शेवंतीताईंचा मात्र आवाज चढला, "शर्मिष्ठा, मला आणून बसवायचीस तेव्हा निदान मी होते तरी!" आणि त्याही गेल्या. तेवढं तिला सगळ्यात झोंबलं, कारण ते खरं होतं.

एकेक करत चौकटी कमी होत गेल्या, शेवटी नऊ माणसं उरली. काळ्या चौकटीतून आवाज आला. "मी वाचू का?"

पाटणकर काकांनी सहावं प्रकरण वाचलं. आवाजात चढउतार नव्हता, गाडी चुकवायची नाही अशा घाईने वाचलं. कॅमेरा त्यांनी लावला नाही. वाचून झाल्यावर बाकीचे नमस्कार करून गेले, आणि शेवटी दोनच चौकटी राहिल्या.

"काका, मला माफ..."

"थांबा. ते आज नको." मग ते म्हणाले, "तुम्ही प्रश्न खोट्या नावाने विचारलेत. मी उत्तरं खरी दिली होती. बस सोडल्याचं मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं."

शर्मिष्ठाने मान खाली घातली. ते बघत होते की नाही, तिला कळायला मार्ग नव्हता.

"पावसाळ्याचं ते नवं प्रकरण अर्धं झालंय," ते म्हणाले. "पुरं करीन की नाही, ठाऊक नाही. केलं तर वाचीन. पण आज तुम्हाला तसा शब्द देणार नाही."

काळी चौकट गेली. पडद्यावर शर्मिष्ठा एकटीच उरली, आपल्याच चेहऱ्यासमोर. सभा बंद करायचं बटण तिला बराच वेळ दाबता आलं नाही.