हे ज्यावर बोलायचे तो कीबोर्ड

यांची अर्धी जीभ आणि डाव्या बाजूचा जबडा काढला, तेव्हा नागपूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं. तसं ते झालंही होतं. तीस वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला, आणि त्याच्यासोबत बोलणंही गेलं.

हे कळंबला सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. यवतमाळहून रोज एसटीनं जायचे. मराठी टायपिंगचा हात इतका बसलेला, की समोरच्याशी बोलता बोलता पानं काढायचे. म्हणून मुलीनं घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकून दिला. यांनी टाईप केलं की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. आवाज बाईचा, पुण्याकडचा. "मले चहा नको," असं ती बाई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी हसले. हेही हसायला गेले, पण टाके ओढले गेले.

दोनेक महिने असं आमचं बोलणं चाललं. मग कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. टाईप करता करता मधेच एखादं अक्षर आपोआप ओळभर धावायचं, ती बाई अडखळायची आणि सगळं जागच्या जागी थांबायचं. बटण दाबून बंद करावं लागे. लिहिलेलं सगळं जाई. हे टेबलावर हात आपटत.

मुलगी फोनवर म्हणाली, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल. बसस्टँडजवळच्या दुकानातले दुरुस्तीवाले भाईजान घरी आले. मला ड्रायव्हर म्हणजे काय ते कळेना. ते म्हणाले, "कीबोर्डची बोली कॉम्प्युटरले समजावून सांगते न भाभी, तो ड्रायव्हर. तोच बिगडला असंन." त्यांनी जुना काढून नवा टाकला. दोन दिवस नीट चाललं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून हे टेबलाशी बसले होते. काहीतरी मोठं लिहीत होते. मी भाजी निवडत होते. बाईचा आवाज आला, "मले आता नागपूरले नाही जायचं. तू पोरीले..." आणि पुढे नुसतं लललललल. मग तेही थांबलं.

मी थकले होते. रात्रंदिवस नळीतून पातळ अन्न द्यायचं, जखम पुसायची. मी ओरडले, "तुम्हीच काहीबाही दाबता. बोटं आपटून राह्यले सारखे, मग बिघडणार नाही तर काय!"

यांनी हात मांडीवर घेतले. मी वही-पेन पुढे ठेवलं, ते त्यांनी बाजूला सारलं.

दुपारी भाईजान परत आले. त्यांनी कीबोर्डची वायर काढली, तसा अडकलेला कॉम्प्युटर जरा वेळानं चालू लागला. पिशवीतला दुसरा कीबोर्ड लावून पाहिला, तो नीट चालला. जुना घेऊन ते ओसरीवर गेले आणि एकेक स्क्रू काढून त्यांनी तो उघडला. आतल्या प्लास्टिकच्या कागदावर पांढरट, चिकट थर वाळला होता. एका कडेला अजून ओल होती.

"पानी सांडलं होतं का भाभी?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही बा."

आम्ही दोघांनी एकदमच दारातून आत पाहिलं. हे खुर्चीत बसले होते. ओठ मिटत नव्हते. डाव्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत शर्टावर उतरत होती, आणि त्यांना त्या बाजूला काही जाणवत नव्हतं.

भाईजाननी कीबोर्ड पुन्हा बंद केला. सगळे स्क्रू लावले. मग आत जाऊन मोठ्यानं म्हणाले, "साहेब, ड्रायव्हरच खराब होता. तुमची काही गलती नाही. हा नवा कीबोर्ड राहू द्या."

यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली. यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढून हनुवटीखाली धरला.

त्यानंतर हे एका हातानंच टाईप करायचे, दुसऱ्या हातात दुपट्टा. वाक्यं आखडत गेली. पाणी. पंखा. बस. पुढे टेबलाशी येणंच सोडलं. त्या सकाळचं अर्धं राहिलेलं वाक्य त्यांनी पुन्हा लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

दसऱ्यानंतर मानेत गाठ आली. मुलगी म्हणाली, नागपूरला न्यायलाच पाहिजे. मी हो म्हटलं. गाडीत बसवताना यांनी दाराची कड घट्ट धरली होती. मी एकेक बोट सोडवलं.

पाच आठवडे रेडिएशनचा शेक घेतला, त्यानं मानेची कातडी सोलून निघाली. हे तिथेच गेले.

तेराव्यानंतर मुलीनं विचारलं, "आई, बाबांना परत ट्रीटमेंट घ्यायची होती ना गं? तुझ्याजवळ काही बोलले होते का?"

मी पोळ्या लाटत होते.

"कसे बोलतील?" मी म्हटलं. "कॉम्प्युटर तर बंदच पडत होता."