बोरगावला न उतरलेली बाई

माझ्या चार वर्षांच्या सुमीचा ताप सलग नऊ दिवस उतरला नाही, तेव्हा मारुतीवरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आधीच कबूल करतो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी पांढुर्ण्याला शाळामास्तर. मुलीचे डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगभर पुरळ. गावातल्या डॉक्टरांना गोवर वाटला. दहाव्या दिवशी ताप आपोआप गेला. नवस फळला म्हणून तिला घेऊन आम्ही नवराबायको सौंसरच्या बसने जामसावळीच्या मारुतीला निघालो.

शेजारच्या बाकावरची एक बाई सुमीच्या हातांकडे सारखी बघत होती. नागपूरला मुलांच्या वॉर्डात ती नर्स होती, सुटीत पांढुर्ण्यातले काम आटोपून बोरगावला आईकडे चालली होती. तिने सुमीची बोटे हातात घेतली. नखांजवळची कातडी सुटू लागली होती. ताप किती दिवस होता, मानेला गाठ आली होती का, हे एकेक विचारून ती म्हणाली, "भाऊ, मले हा गोवर नाही वाटत. ताप गेला तरी हा रोग कधी कधी हृदयाच्या नसा धरते. आजच नागपूरले न्या."

मला रागच आला. बरी झालेली पोर कोण दवाखान्यात नेईल? आणि नवसाचे काय? मी बायकोकडे पाहिले. ती शांतपणे म्हणाली, "मारुती कुठी पळून नाही राहिला. पोरीले पहिले नेऊ."

सौंसरला आम्ही नागपूरची बस धरली. ती बाईही चढली. बोरगाव आले तेव्हा मी तिची पिशवी पुढे केली. तिने नुसती मान हलवली आणि बसून राहिली.

नागपूरला तिच्याच वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय पाहिले. एक रक्तवाहिनी थोडी फुगली होती. मुलाचे वय, ताप टिकलेले दिवस आणि रक्ताची तपासणी यांवरून हृदयाला धोका किती, हे त्यांनी नीट समजावले. मग म्हणाल्या, "मी अंदाज सांगू शकते, भविष्य नाही. रक्ताची गुठळी होऊ न देणारी ही गोळी रोज द्या, चुकवू नका, आणि सांगेन तेव्हा दाखवायला आणा."

निघताना मी त्या नर्सला म्हणालो, मारुतीनेच तुम्हाला पाठवले. ती हसली. "मले तं हे सारं या डॉक्टर मॅडमनं शिकवलं, भाऊ. जयभीम." मी वाद घातला नाही. हातच जोडले.

पुढचे कितीतरी महिने रोज सकाळी मी सुमीला गोळी दिली. सुरुवातीला देवाकडे खात्री मागायचो. पुढे ते मागणे कधी सुटले, कळलेही नाही. गोळी देणे माझे, बाकीचे त्याचे, एवढेच उरले. वर्षभरात रक्तवाहिनी पूर्ववत झाली. डॉक्टरीणबाईंनी ते सांगितले तेव्हा आनंद झालाच, पण त्याआधीच माझे मन निश्चिंत झाले होते. ती कृपा मला अजून पुरते आहे.