चर्चची विहीर आणि रिनाबाईचा कंदील

रिनाबाईचं डोकं तापट, हे पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेत खिचडी शिजवणारी बाई, पण डाळ कमी आली म्हणून हेडमास्तरांच्या टेबलावर रिकामं पातेलं आदळून आलेली. नवरा दिनेश अगदी उलटा. कुणी हाक मारली की चप्पल शोधायलाही थांबायचा नाही. एक दिवस लोकं तुले विकून खातील, असं ती म्हणायची आणि तो बेटा नुसता हसायचा.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी चर्चच्या आवारातली विहीर उपसायला झिंगू आला. झिंगू गोंड, पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा. विहिरी खणण्यातच त्याचे केस पांढरे झालेले. त्याचा देव वेगळा, पण ही विहीर दरसाल तोच साफ करायचा. जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा; विझला तर खालची हवा वाईट, माणसानं उतरायचं नाही. ही रीत झिंगूनंच गावाला शिकवलेली. पण त्या दिवशी चर्चकमिटीच्या गुणवंतरावांना मंडपाची घाई. दरसाल तर उतरतोस, आज काय नवीन, म्हणाले. झिंगू तसाच उतरला, कमरेचा दोर सोडून कामाला लागला आणि गुदमरून गाळातच बसला. काठावर दोर धरायला आलेल्या दिनेशनं वरून हाका मारल्या, मग विहिरीच्या भिंतीतल्या लोखंडी कड्या धरत स्वतःच खाली गेला. दोर एकच होता. तो त्यानं झिंगूला बांधला आणि ओढा म्हणून ओरडला. झिंगू वर आला. दोर पुन्हा खाली सोडला तेव्हा तो धरायला दिनेश शुद्धीवर नव्हता.

तेव्हापासून रिनाबाई सगळ्यांवर जळत होती. गुणवंतरावांवर, झिंगूवर, देवावर, आणि सगळ्यांत जास्त त्या मेलेल्या नवऱ्यावर. झिंगू दर आठवड्याला तिच्या दारात काहीतरी ठेवून जायचा, कधी तेंदूची पिकली टेंभरं, कधी मोहफुलं. ती ते उचलून गुरांपुढे टाकायची. वर्षभर त्याच्याशी शब्द नाही.

यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चच्या पाळकांनी प्रवचनात दिनेशचं नाव घेतलं. परक्यासाठी प्राण दिला म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. रिनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परका? पंचवीस वर्षं तिच्या ओसरीवर चहा पिणारा माणूस परका? वर गुणवंतरावांनी संगमरवरी पाटी दाखवली. ईस्टरला विहिरीच्या काठावर बसवणार होते. मेलेल्याच्या नावाची पाटी, आणि मारलं कुणाच्या घाईनं ते कोण लिहिणार?

शनिवारी सकाळी ती दिनेशच्या कबरीला चुना लावून परतत होती. विहिरीपाशी माणसं दिसली. मधोमध झिंगू, कमरेला दोर. खाली सोडलेला कंदील कुठेच नव्हता.

झिंगू यंदा तीनदा नाही म्हणाला होता, हे तिला तिथंच कळलं. शेवटी गुणवंतराव स्वतः टोल्यावर गेले होते. दिनेशनं तुझ्यासाठी जीव दिला, त्याच्या चर्चसाठी तुला एवढंही होत नाही का, असं त्याला विचारलं होतं. म्हातारा आला मुकाट्यानं. कंदिलाचं नावही त्यानं काढलं नाही. मरायला तयार होऊनच आला होता तो.

रिनाबाईनं चुन्याची बादली तिथंच टाकली. तरातरा चर्चच्या पडवीत गेली. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात न्यायचा कंदील तिथं पुसून ठेवलेला होता. तो पेटवून आणला, दोरी बांधली आणि खाली सोडला. तो कंदील उद्याचा आहे, असं कुणीतरी पुटपुटलं. तिनं एकदाच वळून पाहिलं, तो मागं सरला.

कंदील अर्ध्यावर गेला आणि विझला.

गुणवंतरावांचा चेहरा पडला. रिनाबाईला वाटलं, हीच बादली यांच्या डोक्यात घालावी. घातली नाही. ती झिंगूजवळ गेली आणि त्याच्या कमरेची गाठ सोडू लागली. गाठ काही केल्या सुटेना. झिंगू खाली मान घालून म्हणाला, "उतरू दे बाई. माह्यावर त्याचं देणं हाय."

"कायचं देणं?" ती कडाडली. "त्यानं तुले जीव देला, उसना नाई देला. परत मांगाले तो आला होता का? मंग हे कोण मांगून राह्यले?"

झिंगू रडायला लागला. गाठ सुटली. तिनं दोर गुणवंतरावांच्या पायांशी टाकला.

"पाटीची हौस हाय ना भाऊ? मंग तुमीच उतरा."

ते उतरले नाहीत. त्यांनी उतरावं असं तिलाही खरंच वाटत नव्हतं, एवढंच झालं की त्या दिवशी कुणीच उतरलं नाही, आणि ईस्टरचं पाणी पोरांनी हातपंपावरून वाहिलं. विहिरीवर पाटीऐवजी लोखंडी जाळी बसली, तीही रिनाबाईनं पाळकांच्या मागे लागून बसवून घेतली.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी झिंगू डोळे पुसत टोल्याकडे निघाला, तेव्हा तिनं त्याला मागून हाक मारली. वर्षभरातली पहिली.

"तुह्यावर चिडून होती मी. अजूनबी चिडूनच हाय. पण उद्या ईस्टर हाय, जेवाले येजो. अन् येतानी टेंभरं आणजो. ह्यावर्षी एकबी खाल्लं नाई म्या."