मेंढ्यांच्या वाड्यावरचा कॅमेरा: जुन्नर ते डिंभे, दोन दिवस

त्या वर्षभरात मी ज्या बाईशी सगळ्यात जास्त बोलले होते, तिला मी कधी प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळी सॅक पाठीला लावून चाकणच्या एसटी थांब्यावर उभी राहिले, ती तिलाच भेटायला.

थोडं मागचं सांगते. मी चाकणच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्ती विभागात आहे. पूर्वी मशीनखाली आडवी पडून काम करायचे, हाताला ग्रीसचा वास असायचा. आता खुर्चीत बसून पडद्यावरचे आलेख बघते आणि दुसऱ्यांना फोन करते. नवे रोबो आले तेव्हा आम्हा जुन्या लोकांना सांगण्यात आलं की एखादा नवा विषय शिकून घ्या. मी एक ऑनलाइन कोर्स निवडला. हातावर मावेल एवढ्या सर्किटला कॅमेरा जोडायचा आणि समोर काय आहे ते त्याला ओळखायला शिकवायचं, असा तो विषय. सोप्या भाषेत सांगायचं तर डबीला शहाणं करायचं. पन्नाशीच्या उंबऱ्यावर मी पुन्हा गृहपाठ करायला लागले.

कोर्सवाल्यांनी गट पाडले होते. आमच्या गटातले बाकीचे हळूहळू गळाले आणि शेवटी दोघीच उरलो, मी आणि शिनोलीची सारिका. ती जुन्नरच्या एका प्रशिक्षण संस्थेत मुलामुलींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घरी रेंज मिळत नाही म्हणून संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीशेजारी बसून बोलायची. कधी वाऱ्याचा आवाज, कधी मेंढ्यांचा, आणि दर वेळी पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, ऐकू येतंय का?"

प्रकल्पाचा विषय तिनंच सुचवला. तिच्या वडिलांच्या मेंढ्यांवर बिबट्या येतो. तर बिबट्या दिसला की दिवा लावणारी आणि आवाज करणारी डबी बनवायची. आम्ही ती बनवली. माझ्या टेबलावर अर्धी आणि तिच्या गच्चीवर अर्धी; शेवटी माझी अर्धी कुरिअरनं तिच्याकडे गेली. सुरुवातीला डबी त्यांच्या काळ्या कुत्र्याला बिबट्या म्हणायची आणि बिबट्याच्या फोटोला मेंढी. हसून हसून पुरेवाट झाली होती. इतकं तर मी कॉलेजातही हसले नव्हते.

मग कोर्स संपला. सर्टिफिकेट आलं, ते मी ऑफिसात जमा केलं, साहेबांनी ग्रुपवर टाळ्यांचं चित्र टाकलं. आणि संध्याकाळ रिकामी झाली. सात वाजले की हात आपोआप हेडफोनकडे जायचा. सारिकाला फोन करावा तर कारण काय सांगायचं, कळेना. महिनोन्महिने त्या रिकाम्या संध्याकाळी मी एक बेत रचत बसले: नोकरी सोडायची आणि सारिकाबरोबर जुन्नरला छोटं वर्कशॉप काढायचं. शेतात, गोठ्यात, वाड्यावर लागणारी अशी यंत्रं बनवायची. हा बेत तिला तोंडावर सांगायचा म्हणूनच ही सहल.

चाकणहून जुन्नरला थेट एसटी मिळते, नाहीतर नारायणगावला उतरून पुढची पकडायची. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला काही जाणवत नाही. नवे वळणरस्ते झाल्यापासून राजगुरुनगर आणि मंचरची जुनी कोंडी बरीच सुटली आहे. मंचर मागे पडलं की हवा बदलते. दोन्ही बाजूंना ऊस, टोमॅटोचे मांडव, आणि नारायणगावच्या आसपास शेताच्या मधोमध आकाशाकडे तोंड करून बसलेली एखादी प्रचंड जाळीदार तबकडी. रेडिओ दुर्बीण. तिच्या शेजारच्या वाफ्यात एक बाई कोथिंबीर खुडत होती आणि तबकडी कुठल्या तरी ताऱ्याचं ऐकत होती. खिडकीची जागा डावीउजवीकडे कुठलीही घ्या, काही तरी दिसतंच.

जुन्नरच्या स्टँडवर सारिका उभी होती. मी तिला आवाजावरून ओळखलं, कारण ती फोनवर कुणाला तरी "आवं, येतीय मी" म्हणत होती. तिनं फोन ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ताई, तुमी फोनवर उंच वाटायच्या," ती म्हणाली.

"आणि तू जाड," मी म्हटलं.

बाजारपेठेतल्या एका अरुंद गल्लीत मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर दुपारपर्यंत पाणी पीत बसाल. तिथून चालत तिच्या संस्थेत गेलो. शनिवारचा वर्ग होता. पंधरावीस मुलंमुली बाकांवर वाकून सोल्डरिंग करत होती आणि खिडकीच्या चौकटीत अख्खा शिवनेरी उभा होता. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

सारिकानं मला एक रिकामी जागा दिली. "बसा की. हात शिवशिवत आसतील."

शिवशिवत होतेच. मी सोल्डरिंग गन हातात घेतली, तार टेकवली, वितळलेल्या धातूचा तो थेंब चमकून जागेवर बसला, आणि मला डोळे पुसावे लागले. कोर्समध्ये सगळे भाग नुसते खटकन बसवायचे असायचे; त्या धुराचा वास कित्येक वर्षांत नाकात गेला नव्हता. शेजारच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, धूर गेला का डोळ्यात?" मी हो म्हटलं.

सारिका वर्गात फिरत होती, कुणाच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी मनातल्या मनात वर्कशॉपचं टेबल मांडत होते. या खिडकीपाशी मी, त्या बाजूला ती. वाटलं, आत्ताच सांगावं. पण पोरं होती. म्हटलं, घरी गेल्यावर.

दुपारी जुन्नरहून घोडेगावची एसटी धरली. हा रस्ता डोंगराच्या कडेनं वळणं घेत जातो. पोट नाजूक असेल तर पुढं बसा. घोडेगावला बदलून शिनोली. पुढे हाच रस्ता भीमाशंकरला जातो, त्यामुळे श्रावणात आणि शिवरात्रीला इथं गर्दी असते. एरवी आपण आणि ऊस.

सारिकाचं घर रस्त्यापासून आत, ओढ्याच्या बाजूला. वडील, म्हणजे आबा, डोळ्यांवर हाताची सावली धरून माझ्याकडे बघत उभे होते. त्यांच्या तरुणपणी दिवाळीनंतर सगळा कळप घेऊन घाटाखाली कोकणात उतरायचे. आता थोडी मेंढरं आणि थोडी शेती, एवढंच राखलंय.

"ह्याच का तुज्या टाकीवरच्या ताई?" त्यांनी सारिकाला विचारलं.

आईंनी मासवड्या केल्या होत्या, बेसनाच्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या. त्या करायला अर्धा दिवस जातो हे मला माहीत होतं, म्हणून मी संकोचले. त्या म्हणाल्या, "वरीसभर आवाज ऐकलाय तुमचा. पावनी कसल्या तुमी." बाजरीची भाकरी, झणझणीत रस्सा आणि त्यात बुडवलेली मासवडी. हॉटेलात मिळते ती मासवडी वेगळी आणि ही वेगळी, एवढंच सांगते.

ऊन उतरल्यावर वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे मेंढ्या बसवायची जागा. भोवतीनं सुताची जाळी लावलेली, तिला वाघूर म्हणतात. आणि एका खांबावर, छोट्या सोलर पॅनेलखाली, आमची डबी. माझ्या टेबलावर ती खेळण्यासारखी दिसायची. इथं तिच्यावर धूळ होती, पाखरांची शीट होती. ती कामाला लागली होती.

"चाचणी बघायचीय ना?" सारिका म्हणाली. तिनं बिबट्याचं मोठं चित्र छापून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. ते डोक्यावर धरून ती वाकून उसाच्या कडेनं यायला लागली. आबांनी मान फिरवली. आपली पोर बिबट्या झालेली त्यांना बघवत नसावी.

डबीवरचा दिवा लागला, लखलखायला लागला. मी भोंग्याची वाट बघत होते. पण त्याऐवजी स्पीकरमधून सारिकाचा आवाज फुटला. "हाऽऽड, हाऽऽड, हुर्रर्र." शेतापलीकडे जाईल असा दणदणीत. मेंढ्यांनी नुसत्या माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

"भोंगा व्हता आधी," आबा म्हणाले. "पर मेंढरंच बिचकायची, वागूर तोडून पळायची. मग म्हनलं, माणसाचाच आवाज घाल. हिचा वळखीचा हाय त्यास्नी."

"हे मला सांगितलं नाहीस," मी सारिकाला म्हटलं.

"कोर्स संपल्यावर बदललं, ताई."

आबा डबीकडे बघत होते. "बरंच झालं. ही गेली बंगळूरला, तरी हिचा वरडा ऱ्हाईल हितं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सारिका चित्राचा पुठ्ठा खाली ठेवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सांगणार व्हते, ताई. डिंभ्याला गेल्यावर."

त्यानंतर घरी गप्पा झाल्या, चहा झाला, आईंनी घोंगडी काढून दिली. मी सगळ्याला हो हो म्हणत होते.

रविवारी सकाळी तिच्या मोटारसायकलवरून डिंभ्याला गेलो. शिनोलीहून फार लांब नाही. एसटीच्या भरवशावर मात्र जाऊ नका, तिची वेळ तिलाच ठाऊक असते. धरण काठोकाठ होतं. पाण्यावर धुकं, त्यातून एक होडी जाळं ओढत चाललेली, आणि मागे सह्याद्रीची निळी रांग. काठावरच्या एका घरात सांगितलं तर तिथले ताजे मासे तळून देतात. भाकरीबरोबर खाल्ले. जागा अशी की बोलू नये असं वाटावं.

सारिका बोलली. बंगळूरच्या एका कंपनीत शेतीची यंत्रं बनवतात. त्यांनी कोर्सवाल्यांनी टाकलेला आमच्या प्रकल्पाचा व्हिडिओ पाहिला, मुलाखती घेतल्या. दिवाळीत नेमणुकीचं पत्र आलं, जानेवारीत रुजू व्हायचं होतं.

"मी पण काहीतरी सांगायला आले होते," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. वर्कशॉप, जुन्नर, टेबल, नोकरी सोडायचा विचार. सांगताना मलाच कळत होतं की हे आता निरोपासारखं वाटतंय. पण न सांगता परत गेले असते तर ते आयुष्यभर खुपलं असतं.

तिनं हातातली ताटली खाली ठेवली.

"ताई, हे तुमी दिवाळीच्या आधी सांगितलं असतं, तर मी नाय म्हनू शकले नसते," ती म्हणाली. "बरं झालं, आत्ता सांगितलं."

"म्हणजे तुला नकोच होतं?"

"तसं न्हाई. मी कितीक वर्षं शिकवतीय. पोरं शिकून जातात, मी तितंच. आपला कोर्स चालू व्हता तवा पयल्यांदा मला कुनीतरी इचारलं, सारिका, हे असं का झालं असेल? अन मला येत नव्हतं. लई बरं वाटलं ते. मला अजून तसंच ऱ्हायचंय, ताई. काय काय न येनारी, शिकनारी."

तिला जे हवं होतं तेच मलाही हवं होतं. फक्त मी ते तिच्याजवळ शोधत होते आणि ती पुढे शोधायला निघाली होती.

"आबांचं काय?" मी विचारलं.

"आबा म्हनले, मी घाट उतरून कोकनात जायचो तवा माजी आय रडायची. मी थांबलो व्हतो का?" ती हसली. मग डोळे पुसले. "पर परवा मेंढरांत बसून एकटेच बोलत व्हते."

दुपारी तिनं मला घोडेगावच्या स्टँडवर सोडलं. मंचरपर्यंत जीपही मिळते, पण मी एसटीचीच वाट बघितली, कारण तेवढा वेळ ती थांबणार होती. आम्ही कामाचं बोललो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्याला काय करता येईल. गाडी आली तेव्हा आमचं उत्तर अर्धवट होतं. खिडकीतून तिनं ओरडून सांगितलं, "पॅनेलची दिशा बदलून बघते." मी मान हलवली. मंचर येईपर्यंत बाहेरचं काहीच मला धड दिसलं नाही.

याला आता बरेच महिने झाले. तुम्ही या भागात जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर, थंडीत जा, दोन दिवस पुरतात. पहिला जुन्नरला, दुसरा डिंभ्याला. मुक्कामाला घोडेगावात साध्या खोल्या मिळतात. माझ्यासारखा बेत घेऊन जाऊ नका, किंवा खुशाल जा. मला गेल्याचा पस्तावा नाही.

मी नोकरी सोडली नाही. घरी खिडकीपाशी सोल्डरिंगचं एक टेबल मात्र मांडलंय आणि संध्याकाळी तिथं एकटीच काहीबाही जोडत बसते. हाताला पुन्हा वास यायला लागलाय. सारिकाचा फोन येतो, रोज नाही. नव्या नव्या गोष्टी सांगते, त्यातल्या निम्म्या मला कळत नाहीत. मी विचारते, ती समजावते. फोन ठेवल्यावर घर आणखी शांत वाटतं.

आणि आबांचा फोन येतो. बहुधा जेवणाच्या सुट्टीत. डबा उघडलेला असतो आणि त्यांचं नाव पडद्यावर येतं. सुरुवात कायम डबीची.

"ताई, मशीन झ्याक चाललंय. काय तक्रार न्हाई."

"बरं झालं, आबा."

मागे कुठेतरी मेंढरू ओरडतं.

"पोरीचा फोन व्हता का तुमाला?"

"रविवारी होता."

"मला बी व्हता रविवारी," ते म्हणतात. "काय म्हनत व्हती?"

तिथं पाऊस पडतोय, खोली बदलली, भात खाऊन कंटाळा आला म्हणून स्वतः भाकरी थापली, ती तुटली, असं सगळं मी सांगते. हे तिनं त्यांनाही सांगितलेलं असणार, शब्दाला शब्द. पण ते मधे बोलत नाहीत. भाकरी तुटल्याचं ऐकून हसतात, आणि मी सांगायची थांबले की म्हणतात, "आजून?"